एका शब्दाचे सर

आमच्या शाळेत इंग्रजीचे एक सर होते. त्यांनी अकरा वर्षांत मुलांना इंग्रजीतला एकच शब्द शिकवला. मी थट्टा करत नाही. संस्थेनं रीतसर चौकशी बसवली तेव्हा सरांनी हे भर बैठकीत कबूल केलं. फक्त आकड्याबद्दल त्यांची थोडी हरकत होती, ती पुढं सांगते.

तो शब्द 'गेट'. फाटकाचा गेट नव्हे. मिळणं, मिळवणं, होणं, पोचणं, कळणं, उठणं, उतरणं, या सगळ्याच्या कामी येणारा, इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडी दिवसातून शंभर वेळा येणारा तो गेट. आता फाटकाचा काय आणि हा काय, आमच्याकडं दोन्हींचा उच्चार एकच. इंग्रज वेगवेगळा करत असतील. पण शिरूर कासारच्या बाजूच्या त्या माळावर इंग्रज कधी आलाच नव्हता, राज्य निजामाचं. त्यामुळं चूक काढायलाही कुणी नव्हतं.

मी अंबाजोगाईहून तिथं नवीनच लागले होते. मराठी आणि भूगोल शिकवायला. पाचवी ते सातवी एवढीच शाळा. पत्र्याचे चार वर्ग आणि मधोमध एक कडुनिंब. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत सर माझ्यासमोर येऊन बसले. उंच, वाळलेले, शर्टाची गुंडी पार गळ्यापर्यंत लावलेली, आणि खिशाला पेनाच्या जागी खडू.

"बाई, इंग्रजीतली क्रियापदं किती येतेत तुमाला?"

मी नवखी. म्हटलं, "असतील दीड-दोनशे."

"त्यातलं एखादं तरी पुरतं येतंय का?"

"पुरतं म्हणजे?"

"पुरतं म्हंजे तळाला हात लागंस्तोवर."

मी डब्याचं झाकण काढू लागले. सर "हं" म्हणाले, उठले, आणि जाताना माझ्या डब्याकडं बोट करून म्हणाले, "गेट ऑन." मला वाटलं, बाकावर चढून बसायला सांगताहेत. शिपाई हसून म्हणाला, "तसं न्हाई बाई. चालू द्या तुमचं, आसं म्हणतेत ते."

या शब्दापर्यंत सर कसे पोचले, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. आमच्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं दिवाळी झाली की आईबापांबरोबर ऊस तोडायला जायची, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायची. हातात पडायची पाच महिने. या अकरा वर्षांच्या आधी तीन वर्षं सरांनी पुस्तकाप्रमाणं शिकवलं. कॅट, मॅट, रॅट. मुलं फडावरून परत आली की कॅटही गेलेली असायची आणि मॅटही. मग त्यांनी हिशेब मांडला, की पाच महिन्यांत अख्खी इंग्रजी होणार नाही, पण एक शब्द होईल. दहा जागी हात-हात खड्डे घेण्यापेक्षा एकाच जागी साठ हात जावं. आता शब्द कोणता, एवढंच ठरवायचं राहिलं.

"शब्दकोश काढला आन बोटानं मोजत बसलो," ते म्हणाले. "कोणत्या शब्दाला किती जागा दिलीय ते बघत गेलो. 'रन' चांगला निघाला. पर आपली माणसं तशीबी पळायलीच हायत, आनखी कावून पळवायची? मग 'टेक' बघितला. टेक म्हंजे घे. आता आपल्याला घे म्हणणारं कोण बसलंय? शेवटी गेटवर आलो. गेट म्हंजे कुणी देवो न देवो, आपण मिळवायचं."

त्यांच्या तासाचा आवाज साऱ्या गावाला पाठ होता. "गेट अप!" म्हटलं की साठ मुलं उभी. "गेट डाऊन!" की खाली. "गेट आऊट!" की दारातून बाहेर, "गेट इन!" की खिडकीतून आत, कारण दार आऊटसाठी ठेवलेलं. "गेट ओव्हर!" म्हटलं की अख्खा वर्ग कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडं उड्या मारायचा. तेव्हाच माझा भूगोलाचा तास चालू असायचा. मी नकाशावर हिमालय दाखवायची आणि खिडकीबाहेर मुलं भिंत ओलांडत असायची.

भिंत ओलांडून आलेल्या पोरांना सर धाप लागलेली असतानाच समजावायचे, "ही झाली भिंतीची. दुखणं आलं, कुणी काही वाईट बोललं, त्याच्याबी पलीकडं आसंच जायाचं आस्तंय. त्यालाबी गेट ओव्हरच." मग खडू घेऊन भिंतीवर नवा अर्थ लिहायचे. खडू पुसला जातो म्हणून पुढं त्यांनी गेरू कालवून आणला. मी शाळेत लागले तेव्हा वर्गाच्या तीन भिंती भरल्या होत्या आणि चौथीवर दाराच्या वर लिहिणं चाललं होतं. सगळ्यात मोठ्या अक्षरात होतं 'गेट बाय'. त्याच्यापुढं अर्थ दिला होता, 'कसंतरी भागवणे'. कंसात लिहिलं होतं, 'आपल्या तालुक्याचा शब्द'.

घरी मात्र या शब्दाला बंदी होती. सरांच्या घरात मी भाड्यानं एक खोली घेतली होती, त्यामुळं मला ते आतून कळलं. त्यांच्या मंडळी, म्हणजे आमच्या वहिनी, तेलगावकडच्या. बुटक्या, ठसठशीत, बोलायला धारदार. लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात सरांनी त्यांना विचारलं होतं, "मी तुला गेट झालो, का तू मला?" वहिनींनी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं, "शाळंत काय घालायचा त्यो धिंगाणा घाला. माझ्या उंबऱ्याच्या आत त्यो शबूद आला तर मी माह्यारी जाईन." त्यामुळं सर घरात फार कमी बोलायचे. मीठ हवं असलं तर मिठाच्या बरणीकडं बघत बसायचे. वहिनी बरणी पुढं सारायच्या आणि माझ्याकडं बघून म्हणायच्या, "बघितलं का बाई, एका शब्दाबिगर आडलंय यांचं!"

मुलांच्या वह्या सर कधीकधी मला दाखवायचे. सहावीत कौशी नावाची एक मुलगी होती. अंगानं काटकुळी, आवाज मात्र हाळी देणाऱ्याचा. तिनं 'माझे गाव' या विषयावर इंग्रजी निबंध लिहिला होता. मी तो मराठी अक्षरांत इथं देते, कारण तो मला अजून पाठ आहे. 'आय गेट अप. आय गेट वॉटर. वॉटर गेट फार. आय गेट हॉट. आय गेट स्कूल. स्कूल गेट नो वॉटर. आय गेट बाय.'

मी आधी हसले. मग परत वाचला. मग वही मिटून सरांना दिली आणि म्हटलं, "यात चुका किती आहेत सर!"

"चुका हायतच," सर म्हणाले. "पर कळालं का न्हाई?"

ज्या वर्षाची गोष्ट सांगायची आहे, ते ओळीनं तिसरं कोरडं वर्ष. ऊसच नव्हता, त्यामुळं कारखान्यांची धुराडी लवकर थंडावली आणि टोळ्या माघातच परत आल्या. वर्ग भरले, विहिरी मात्र आटल्या. टँकर आठवड्यातून एकदा यायचा. कधी तोही रस्त्यात रुतायचा. बायका आणि मुली पहाट फुटता फुटता दोन कोसांवरच्या विहिरीवर जायच्या आणि ऊन तापेपर्यंत परत यायच्या.

आता गावाला नदी होती आणि नदीवर बंधाराही होता. तो गावाच्या पाणीवापर सहकारी संस्थेचा. त्याला अठरा लोखंडी दारं होती. गाव त्यांना गेट म्हणायचं. पावसाळा सरता सरता ती खाचांत बसवायची, म्हणजे मागं पाणी तुंबतं. संस्थेचे चेअरमन तेच आमच्या शाळेच्या संस्थेचेही चेअरमन, आणि दूध संस्थेचेही. 'चेअरमन' म्हणून हाक मारली की गावात एकच माणूस मान वळवायचा. एका वर्षी त्यांनी, चोरीला जातील म्हणून, अठराही गेट सुरक्षित जागी नेली. ती सुरक्षित जागा म्हणजे त्यांचा स्वतःचा गोठा. तिथं ती उभी करून त्यांच्या भिंती झाल्या. भक्कम, वाऱ्याला न हलणाऱ्या. तेव्हापासून पडला तेवढा पाऊस नदीनं खाली वाहून नेला आणि चेअरमनच्या म्हशी लोखंडी भिंतीत रवंथ करत बसल्या. सगळ्या गावाला हे माहीत होतं. बोलत कुणीच नव्हतं. कुणाचं दूध त्यांच्या संस्थेत जायचं, कुणाचा मुलगा त्यांच्या शाळेत शिपाई होता. मी तर त्यांच्याच शाळेत नोकरीला.

अशात बातमी आली की दुष्काळ पाहायला दिल्लीहून पथक येणार. आमच्या गावी नाही, पलीकडच्या मोठ्या गावी. चेअरमन पांढरेशुभ्र कपडे घालून, हार घेऊन सकाळीच तिकडं गेले. त्यांना जनावरांची छावणी आपल्या संस्थेला मिळवायची होती.

त्या दिवशी काय झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणूनच विश्वास ठेवते. फाट्यावर इतकी धूळ उडत होती की पथकाची पहिली गाडी चुकून आमच्या गावाकडं वळली आणि मागच्या सगळ्या गाड्या सरळ निघून गेल्या. पहिली गाडी आमच्या शाळेच्या फाटकापाशी आली, तिच्या तोंडातून भस्सकन वाफ निघाली आणि ती उभी राहिली. रेडिएटरमधलं पाणी संपलं होतं. दुष्काळ पाहायला निघालेली गाडी पाण्यावाचून बंद पडली.

ड्रायव्हर डबा घेऊन पाणी शोधायला गावात गेला. गाडीतून एक साहेब उतरले. दक्षिणेकडचे असावेत. जाड चष्मा, डोक्यावर हॅट, हातात वही. मराठीचा गंध नाही, हिंदी जेमतेम. सावलीसाठी ते थेट सहावीच्या वर्गात आले. सरांचा तास चालू होता. मुख्याध्यापक चेअरमनबरोबर गेलेले. धावत गेले ती मी.

सर साहेबांकडं वळले, नमस्कार केला आणि वर्गाला म्हणाले, "गेट अप!" साठ मुलं उभी राहिली.

साहेबांनी माझ्याकडं पाहून इंग्रजीत काही तरी विचारलं. मला सगळं कळलं. उत्तरही मनात तयार होतं. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. पण तोंड उघडेना. दीड-दोनशे क्रियापदं घशात एकदम येऊन अडकली. मी नुसती पदराला पीळ देत उभी राहिले. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

साहेबांनी मग मुलांनाच विचारलं, "व्हेअर डू यू गेट वॉटर?"

त्या वाक्यात मुलांना त्यांचा शब्द ऐकू आला. आजवर तो सरांच्या तोंडून सोडून दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांनी ऐकलाच नव्हता. वर्गात एकदम गलका उठला. मागच्या बाकावरची मुलं एकमेकांना ढोसत होती, "आरं, त्येंनाबी येतंय बे!"

सरांनी हात वर केला, तसे सगळे गप्प. सर स्वतः एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी फक्त कौशीकडं पाहिलं.

कौशी म्हणाली, "सन गेट अप, वुई गेट आऊट. सन गेट हॉट, वुई गेट बॅक."

साहेबांची पेन्सिल थांबली. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि हळूच विचारलं, "एव्हरी डे?" ते मात्र कुणाला कळलं नाही. मग त्यांनी बाहेर बोट करून विचारलं, "टँकर?"

"टँकर गेट स्टक!" साठ मुलं एका सुरात म्हणाली. साहेब हसले. मुलंही हसली. 'गेट स्टक' भिंतीवर दुसऱ्या ओळीत होतं.

साहेबांनी विचारलं, नदी नाही का? हातानं पाण्याच्या लाटा करून दाखवल्या. कौशी म्हणाली, "नदी गेट. नदी गेट नो गेट."

साहेब गोंधळले. सरही गोंधळले, कारण हा उपयोग त्यांनी शिकवलेला नव्हता. कौशीनं पुन्हा समजावलं, "गेट! गेट चेअरमन गेट!" आणि हातानं आभाळाएवढं दार करून दाखवलं. तरी साहेबांना कळेना. तेव्हा तिनं सरळ दाराकडं बोट केलं आणि दिल्लीच्या साहेबांना मोठ्यानं सांगितलं, "यू गेट आऊट!"

साहेबांनी हॅट घातली आणि ते खरंच बाहेर निघाले. पुढं कौशी, मागं साहेब, त्यांच्यामागं साठ मुलं, शेवटी सर आणि मी. आधी सगळे नदीवर गेलो. तिथं बंधाऱ्याच्या रिकाम्या खाचांत कौशीनं एकेकीत हात घालून दाखवलं, "नो गेट. नो गेट. नो गेट." अठराही खाचा तिनं दाखवल्या. साहेबही मोजत होते. मग तिथून आम्ही चेअरमनच्या गोठ्यात गेलो.

त्याच वेळी चेअरमनना कुणीतरी निरोप दिला होता, की साहेब तुमच्या गावात हाय. ते मोटारसायकलवरून हार घेऊन आले, तर दिल्लीचे साहेब त्यांच्या म्हशींच्या मधोमध उभे, आणि साठ मुलं लोखंडी भिंतींना हात लावून ओरडताहेत, "गेट! गेट! गेट!"

"काय म्हणायलेत हे?" चेअरमननी सरांना विचारलं.

"अभ्यास करायलेत," सर म्हणाले.

साहेबांनी एका दारावरचा गंज नखानं खरवडला. खाली संस्थेचं नाव आणि नंबर निघाला. ते त्यांनी वहीत उतरवून घेतलं. चेअरमननी हार पुढं केला. तेवढ्यात एका म्हशीनं मान लांबवली आणि झेंडूचा अर्धा हार खाऊन टाकला. उरलेला अर्धा चेअरमननी साहेबांच्या गळ्यात घातला.

साहेबांना घेऊन आम्ही शाळेपाशी परतलो, तर ड्रायव्हर अख्खं गाव फिरून रिकामा डबा घेऊन उभा होता. पंक्चरवाल्या चाँदचाचांनी त्याला घमेल्यातलं पाणी द्यायला साफ नकार दिला होता, "मियाँ, ये पानी गया तो छेद किसमें देखूँ?" शेवटी पाणी आणलं ते वहिनींनी. त्या दिवसाची प्यायची घागर होती ती. त्यांनी ती स्वतः गाडीपर्यंत आणली, रेडिएटरात रिकामी केली, आणि साहेबांच्या डोळ्यांत बघून, अकरा वर्षांत पहिल्यांदा, म्हणाल्या, "हे पाणी आमाला परत गेट झालं पायजे."

सरांनी चमकून त्यांच्याकडं पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "मी उंबऱ्याच्या भाईर हाय."

पाणी गेट झालं. आठवड्यातून एकदा येणारा टँकर रोज येऊ लागला, आणि महिन्याभरात वरून पत्र आलं की अठराही गेट ताबडतोब बंधाऱ्यावर बसवून कळवावे. आता भर उन्हाळ्यात नदीत पाणी कुठलं? पण हुकूम म्हणजे हुकूम. म्हशी झाडाखाली बांधल्या गेल्या. बैलगाड्यांतून गेट नदीवर आली. तापलेल्या वाळूत हलगी वाजली, चेअरमननी स्वतः नारळ फोडला, आणि थेंब नसलेल्या नदीला अठरा दारं लावण्यात आली. सगळं गाव तोंडाला पदर-उपरणं लावून हसत होतं. गेली कित्येक वर्षं ही माणसं त्या गोठ्यासमोरून खाली मान घालून जात होती. त्या दिवशी कुणी मान खाली घातली नाही.

चेअरमन मात्र विसरले नाहीत. सरांना त्यांनी गोठ्याबद्दल चकार शब्द विचारला नाही. चौकशी लावली ती इंग्रजीबद्दल. 'नेमलेले पुस्तक न शिकवता विद्यार्थ्यांचे नुकसान केले' असा ठपका. शाळेच्याच वर्गात बैठक झाली. चेअरमन, मुख्याध्यापक, दोन संचालक आणि साक्षीदार म्हणून मी. तिन्ही भिंतींवरचा गेरू त्यांच्याकडं बघत होता.

"अकरा वर्षं तुमी पोरांना एकच शब्द शिकवला, हे खरं हाय का?" चेअरमननी विचारलं.

"न्हाई," सर म्हणाले.

"न्हाई? मग किती?"

"दोन. एक मिळायचा गेट, आन एक बंधाऱ्याचा. दुसरा पोरांनी आपापला शिकला."

लिहून घेणाऱ्या संचालकानं प्रामाणिकपणे लिहिलं, 'दोन शब्द'. त्याला कुणी खोडलं नाही. मला विचारलं, तेव्हा मी उभी राहिले. या वेळी तोंड उघडलं. मी म्हटलं, "साहेब आले त्या दिवशी शाळेत इंग्रजी येणारी मीच होते आणि मी मुकी राहिले. बोलली ती यांची मुलं. एवढंच मला माहीत आहे." मुख्याध्यापकांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मला वाटलं, आता माझीही चौकशी लागते.

नोकरी गेली नाही, पण सरांची बदली झाली. संस्थेची दुसरी शाळा नांदूरघाटच्या अलीकडं होती, तिथं त्यांना ग्रंथालय दिलं. ग्रंथालय म्हणजे एक कपाट. आम्ही सगळ्यांनी सामान टेम्पोत चढवलं. वहिनी पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या. मुलांनी भिंतीवर चढून हात हलवले. सरांनी वर्गाची किल्ली माझ्या हातात दिली, कारण इंग्रजी आता माझ्याकडं आलं होतं, आणि म्हणाले, "भिंती धुऊन घेतल्या तरी चालंल बाई. पोरांच्या डोस्क्यात हाय."

मी धुतल्या नाहीत. पुस्तक शिकवलं, पण धुतल्या नाहीत.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी, माझीही बदली-बढती होऊन गेल्यावर, सर मला बीडच्या एसटी स्टँडवर भेटले. बाकावर बसले होते. अजून वाळलेले, गुंडी तशीच गळ्यापर्यंत. मी नमस्कार केला. त्यांनी ओळखलं. तिकडच्या चौकशा झाल्या. कौशी आता तिच्या सासरच्या गावी दूध संस्थेची सचिव झाली होती, ते मी त्यांना सांगितलं. त्यांना ते आधीच माहीत होतं.

"गेट चालू आहे ना सर अजून?"

"न्हाई. रिटायर झालो तवाच सोडला. तळ लागला त्येचा. आता 'लेट' घेतलाय."

"लेट?"

"लई खोल हाय बाई. लेट म्हंजे हू दे, जाऊ दे. लेट म्हंजे भाड्यानं देणं. लेट म्हंजे उशीर."

"उशिराचं स्पेलिंग वेगळं आहे, सर."

"हाय की. पर कानाला कुठं स्पेलिंग दिसतंय?"

मी हसले. म्हटलं, "आणि वहिनी? एकटेच निघालात?"

"ती लेट हाय."

मी स्टँडच्या दाराकडं पाहिलं. बाया-माणसांची रीघ लागली होती. म्हटलं, "येतील की मग. गाडीला अजून वेळ आहे."

सरांनी मांडीवरची पिशवी सरळ केली, तिचे बंद जुळवले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तसं न्हाई बाई. नावाच्या आधी लिवतेत, तसलं लेट. दोन वर्सं झाली."

स्टँडवर भोंगा बोलत होता, शेंगावाला ओरडत होता. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

तेवढ्यात तेलगावकडं जाणारी गाडी लागली. वहिनींची थोरली बहीण तिकडं एकटी असते, सर दर महिन्याला तिला भेटून येतात, असं त्यांनी उठता उठता सांगितलं. दारापाशी ही गर्दी. सर कोपरं मारत पुढं गेले, मला वाटलं जागा धरायला. पण ते पायरीपाशी आडवे उभे राहिले, गड्यांना हातानं मागं रेटलं आणि लेकुरवाळ्या बायकांना, एका काठीवाल्या म्हाताऱ्याला वर चढवू लागले. प्रत्येकाला वाट करून देताना मोठ्यानं म्हणत होते, "लेट! लेट!"

कंडक्टरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ओ काका, कावून ओरडायलात? कुठं लेट हाय? टायमावर हाय गाडी!"